जाईल एवढाच घास

श्रीकांतला काय होतंय हे त्याच्या डॉक्टरांच्या तीन महिने आधी मला माहीत होतं. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मनातल्या मनात म्हणायचा प्रयत्न केला तरी अर्ध्यावर यायचो आणि दुसराच काहीतरी विषय काढायचो, जणू समोर कुणी ऐकत बसलंय. आता पंचावन्न ओलांडलं. लिहून टाकतो.

मला ते सांगणारा माणूस डॉक्टर नव्हता, ज्योतिषीही नव्हता. कल्याणीनगरातल्या एका जपानी हॉटेलात सुशी करणारा स्वयंपाकी होता. लिहायचं आहे ते खरं तर त्याच्याविषयीच.

त्याला सगळे मास्टर म्हणत. तिथे येणारी जपानी गिऱ्हाइकं म्हणत, म्हणून आम्हीही. आपल्याकडे मास्टर म्हणजे शिंपी, आणि मला ते नाव त्या अर्थानेच जास्त पटे, कारण हा माणूस नजरेने मापं घेई. साठीकडे झुकलेला, हाडापेराने मोठा, पण अंगावर मांस म्हणून नाही. डोक्याला घट्ट बांधलेलं पांढरं फडकं. भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखातला. तरुणपणी कुणाच्या तरी ओळखीने जपानला गेला. तिथल्या एका लहानशा गावात आधी भांडी घासली, मग सात वर्षं नुसता भात शिजवला, मग मासा हातात मिळाला. पंचवीस वर्षांनी परतला तो गावी न राहता पुण्यात आला. विश्रांतवाडीत एका खोलीत राही आणि बसने कामावर येई.

मी चाकणच्या एका कारखान्यात जपानी दुभाषा. माझ्याकडे सगळ्या परीक्षांची प्रमाणपत्रं होती. तरी आमचे जपानी पाहुणे दोन वाक्यांनंतर माझ्याकडे पाठ करून मास्टरशीच बोलू लागत. तो जपानीही भंडाऱ्याच्याच हेलात बोले. त्यांना ते फार आवडे.

हॉटेल एका बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. दहा खुर्च्यांचं लाकडी काउंटर, पलीकडे मास्टर, मागे चार टेबलं. मालकीणबाई नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं जपानला राहून आलेल्या, मूळच्या पेठेतल्या. जिभेला धार. एकदा कुणीतरी म्हणालं, "बाई, भात जरा कमीच देता." त्या म्हणाल्या, "पोट भरायचं असेल तर कोपऱ्यावर थाळी आहे हो. अमर्यादित."

मास्टर मात्र असं काही बोलत नसे. तो करून दाखवी. काउंटरवर बसून कुणी फोनवर बोलायला लागलं, की त्याचा घास मास्टर हातात धरून उभा राही. भाताचा अंगठ्याएवढा लांबट गोळा, वर माशाचा काप. फोन चालूच राहिला की तो घास स्वतःच्या तोंडात टाकून शांतपणे चावी आणि पुढच्या माणसाकडे वळे. एका हिंजवडीच्या तरुण साहेबाने फोन ठेवून विचारलं, "माझा कुठंय?"

"गेला," मास्टर म्हणाला.

एक बाई म्हणाल्या होत्या, "यात चीज घालता येईल का?"

"येते. पन मंग खाऊ नका."

हे सगळं आम्ही ऑफिसात रंगवून सांगायचो. पण त्याच्या समोर बसल्यावर हसू यायचं नाही. कारण तो तुमच्या चेहऱ्याकडे कधी बघायचाच नाही. तोंडाकडे बघायचा आणि तिथून खाली गळ्याकडे. घास आत गेला, की तो कुठवर उतरला हे जणू त्याला बाहेरून दिसत असावं, तशी त्याची नजर हळूहळू खाली यायची. बायका अवघडायच्या, पदर नाहीतर ओढणी गळ्याभोवती घ्यायच्या. त्यात वाईट काही नव्हतं. असतं तर सोपं झालं असतं.

"चेहरा खोटं बोलते, साहेब," तो एकदा म्हणाला. "घास नाई बोलत."

त्याचे हात. शेजारी बर्फाच्या पाण्याचं भांडं असे, प्रत्येक घासाआधी तो त्यात हात बुडवी. गरम हाताने मासा बिघडतो म्हणे. एकदा घास देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. नेमका तसा तो स्पर्श होता, फक्त हा हात चालत होता.

आणि प्रत्येकाचा घास वेगळा. नवीन माणूस आला की पहिला घास अंदाजाने, दुसरा पहिला कसा खाल्ला ते बघून. तिसऱ्यापासून माप बसलेलं. मग तो माणूस दोन वर्षांनी आला तरी तेच माप. नावं त्याच्या लक्षात राहत नसत. 'ते डाव्या बाजूनं चावनारे', 'ते घाईवाल्या बाई', अशी त्याची यादी. माझं काय, असं मी विचारलं होतं.

"तुमी चावत नाई," तो म्हणाला. "गिळता."

श्रीकांत शेजारी होता, त्याला इतकं हसू आलं की हातातला बिनदुधाचा जपानी चहा सांडला.

आता श्रीकांतबद्दल. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि कारखान्यात नव्या उत्पादन-लाइनचा प्रमुख. शनिवार पेठेत वाढलेला, घरात अंडंसुद्धा आलेलं नाही असा. आमच्या भागातल्या कारखान्यांना गुरुवारी सुटी. आणि गुरुवार हा वहिनींचा, म्हणजे मंजिरीवहिनींचा, उपासाचा वार. त्या दिवशी घरात कांदा-लसूणही नाही. नेमका त्याच दिवशी दुपारी श्रीकांत 'जरा ग्रंथालयात जाऊन येतो' म्हणून निघायचा आणि माझ्याबरोबर कल्याणीनगरात येऊन कच्चा मासा खायचा.

"माशाला आच लागलेली नाही," तो म्हणायचा. "म्हणजे हा फलाहारच. उपासाला चालतो."

"आणि भात?"

"भात तू खा. मी फक्त त्याला आधार म्हणून घेतो."

असं दर गुरुवारी, तीन वर्षं. वहिनींना पत्ता नव्हता. ती चोरी आम्हा दोघांना फार गोड वाटायची. पुढे तीच माझ्या उपयोगी पडली, ते येईलच.

मापाची गोष्ट माझ्या लक्षात पहिल्यांदा आली ती एका कर्नलसाहेबांमुळे. निवृत्त, ताठ, आमच्या पलीकडच्या दोन खुर्च्यांवर नवरा-बायको बसायचे. एका गुरुवारी कर्नलबाई मोठ्याने म्हणाल्या, "मास्टर, यांना माझ्यापेक्षा लहान तुकडे देताय की! इतकी वर्षं नोकरी करून रेशन कमी झालं का यांचं?" सगळे हसले. कर्नलही हसले. मी पाहिलं तर खरंच, त्यांच्या ताटलीतले घास बाईंच्या घासांच्या निम्मे होते. मास्टर हसला नाही. हात बर्फात बुडवले, पुढचा घास केला, तो आणखी शितभर लहान.

पावसाळा संपायच्या आत कर्नल गेले. त्यानंतर बरेच दिवस काउंटरच्या त्या टोकाला, रिकाम्या खुर्चीसमोर, मास्टर दुकान उघडल्यावर पहिला घास ठेवायचा. नखाएवढा. तो कुणी खायचा नाही. मालकीणबाई कुरकुरल्या, "अहो, हे काय, श्राद्ध घातलंय का काउंटरवर? लोक जेवायला येतात." मास्टर म्हणाला, "त्याईचं माप हातात हाय, बाई. हातातून जाऊ द्या. मंग बंद करतो."

श्रीकांत गाडीत म्हणाला, "हा माणूस एक दिवस आपल्याला कोथिंबिरीचं पान वाढून म्हणेल, चला, आटपलं." आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून मी आमच्या दोघांच्या ताटल्यांवर नजर ठेवायला लागलो. आणि दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मला दिसलं, की श्रीकांतचा घास माझ्यापेक्षा लहान आहे. आधी आम्हा दोघांचे सारखे असत. एकदम लहान झाला असता तर दोघांनाही कळलं असतं. तो कधीपासून लहान होत आला होता कोण जाणे.

त्या दिवशी श्रीकांत हात धुवायला गेला तेव्हा मास्टरने मला मानेने मागे बोलावलं. मागच्या दारापाशी भांडी घासायची मोरी होती. मास्टर तिथेच उभ्याने आपलं जेवण उरके, साधी भाताची पेज, मीठ घालून. सुशी तो कधी खात नसे, फोनवाल्यांची सोडून. दुपारचं टळटळीत ऊन मागच्या भिंतीवर पडलं होतं. पेजेचं भांडं हातात घेऊन तो म्हणाला,

"तुमच्या दोस्ताले डॉक्टरकडे घेऊन जा."

"का? काय झालं?"

"घास उतरत नाई त्याचा. इथं थांबते." त्याने स्वतःच्या छातीच्या हाडावर बोट ठेवलं. "प्रत्येक घासामागं चहा लागते. पह्यले नव्हता लागत."

"अहो, चहा सगळेच पितात."

"मी घास लहान करत गेलो," तो माझं न ऐकता बोलत होता. "जाईल एवढाच घास द्याचा, असं मले माझ्या उस्तादानं शिकवलं. अडकला का मानूस भिते. भ्याला का जेवन सुटते. पन त्याच्यानं झालं काय, का त्याले समजूनच नाई राहिलं. घरी पोळी अडकत असन, तं पित्त म्हनत असन. मी लपवून ठेवलं त्याचं दुखनं, साहेब. म्हनून तुमाले सांगून राहिलो."

"मग त्यालाच सांगा ना."

"मी सांगतलं तं तो येनंच बंद करन. कर्नलसाहेबाच्या आधी एकाले सांगतलं होतं. तो मले मारायले धावला. तुमी सांगा. तुमचं ऐकन तो."

मी विचारलं, "हे तुम्हाला कळतं कसं?"

तो भांडं विसळत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "मी तिकडं होतो. बायको गावी. दोन-दोन वर्षांनं येऊन जाओ. एका वर्षी आलो तं ती पेजेवर होती. म्हने, असंच, भूक नाई. दीड वर्षापासून पेजेवर होती ती. मी जगाच्या लोकाले जेवू घालत होतो, अन् तिचा घास मी पायलाच नाई." नळ बंद केला. "तवापासून दिसते."

श्रीकांत परत आला, "काय रे, भांडी घासायला ठेवून घेतलं का तुला?" म्हणाला. आम्ही निघालो.

गाडीत मी काही बोललो नाही.

का बोललो नाही, हे आता सांगायला हवं. आमची नवी लाइन जपानी लोक येऊन तपासणार होते आणि पास करणार होते. फेब्रुवारीत. ती पास झाली की मला जपानमध्ये नागोयाला दोन वर्षांसाठी पाठवायचं ठरलं होतं. अकरा वर्षं मी त्याची वाट पाहत होतो. दोनदा नाव लागून कापलं गेलं होतं. लाइन श्रीकांतच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. तो रजेवर गेला तर तपासणी पुढे जाणार, आणि पुढे गेली की नागोयाला दुसरा कुणी जाणार. हे सगळं मी असं ओळीने मांडून विचार केला नाही. माणूस असा विचार करत नाही. मी फक्त मनाशी म्हणालो, स्वयंपाक्याचं काय ऐकायचं. एवढी लाइन पास होऊ दे, मग बघू.

आणि बहाणाही तयार होता. श्रीकांतला सांगितलं तर तो वहिनींना सांगणार, वहिनी विचारणार कुणी सांगितलं, मग गुरुवारचा मासा बाहेर येणार. त्याच्या घरात उगाच वादळ. मी त्याच्या संसाराची काळजी करत होतो, पाहा.

पण खरं पाप पुढच्या गुरुवारचं आहे. त्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. श्रीकांत बोलत होता, विनोद करत होता. घास तोंडात टाकला. चावला, चावला, फार वेळ चावला. मग बोलणं अर्ध्यात थांबवून, मान किंचित पुढे काढून, गिळला. लगेच चहाचा घोट. दुसरा घोट. मग बोलणं पुढे चालू, जिथे थांबलं होतं त्याच शब्दापासून. दुसरा घास. तेच. मास्टरने खालमानेने श्रीकांतच्या चहाचा पेला त्याच्या हाताजवळ चार बोटं सरकवला. श्रीकांतला ते कळलंही नाही. आणि मग मास्टरने वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही. पहिल्यांदाच, डोळ्यांकडे.

मी माझा घास गिळला.

त्यानंतर दर गुरुवारी तो तसं बघायचा. सांगितलंत? मी नजर चुकवायचो. श्रीकांतचे घास लहान होत गेले. जानेवारीच्या शेवटी ते चण्याच्या डाळीएवढ्या भातावर माशाचं एक पापुद्र्यासारखं पान, इतके झाले होते. मी एकदा श्रीकांतला म्हणालो, "जरा वाळलास रे." बस्स. एवढं म्हणून मी स्वतःला माफ केलं.

"लाइन खाते रे मला," तो म्हणाला. "मी तिला खातो, ती मला."

लाइन पास झाली. जपानी लोकांनी त्याला वाकून नमस्कार केला, मी भाषांतर केलं. त्यानंतर आठव्या दिवशी घरी भाकरीचा तुकडा अडकला, तो काही केल्या वर येईना की खाली जाईना. दवाखान्यात दुर्बीण घातली. अन्ननलिका. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आला असता तर आपण काही करू शकलो असतो.

दवाखान्याच्या बाकावर वहिनींनी मला विचारलं, "भावजी, तुम्ही रोज बरोबर असायचात. जेवायलासुद्धा. तुम्हाला कधी काही जाणवलं नाही का हो?"

"नाही, वहिनी."

हे पहिलं खोटं. मार्चअखेर मी नागोयाला गेलो. श्रीकांतनेच रागावून पाठवलं, "माझ्या उशाशी बसून भाषांतर काय करणार आहेस?" म्हणाला. तो जुलैत गेला. मी तिकडून फोनवर रडलो. नागोयात मला सुशीच्या काउंटरवर बसवेना. पलीकडचा माणूस हात पाण्यात बुडवायचा आणि मी उठून बाहेर यायचो. आठ महिन्यांत तब्येतीचं कारण काढून मी परत आलो. अकरा वर्षं वाट पाहून आठ महिने.

परतल्यावर वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांनी शेवटी शेवटी मला सगळं सांगून टाकलं. गुरुवारचं." आणि चक्क हसल्या. "तीन वर्षं फसवलंत की मला दोघांनी मिळून. मला ती जागा दाखवाल? ते बसायचे ती."

नाही म्हणता येईना. गुरुवारीच गेलो. वहिनींनी उपास धरलेला, त्या खाणार काही नव्हत्या, नुसत्या श्रीकांतच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी शेजारी, माझ्या नेहमीच्या जागी. दुपारचे साडेबारा. काउंटरवर आणखी कुणी नव्हतं. मालकीणबाई गल्ल्यावर.

मास्टरने वहिनींना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. मी ओळख करून दिलेली नव्हती. त्याने हात बर्फात बुडवले. भाताची दोन शितं घेतली, खरंच दोन असावीत, त्यावर माशाचा कण ठेवला आणि एका मोठ्या पांढऱ्या ताटलीच्या मधोमध ते ठेवून ताटली वहिनींसमोर सरकवली.

"हे काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"हा त्याईचा घास. शेवटचा असाच होता."

वहिनी त्या ताटलीवर वाकल्या. पेठेतल्या बाई, आवाज न चढवता बोलायची सवय. म्हणाल्या, "आपल्याला माहीत होतं?"

"होतं, बाई."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगतलं होतं."

"कुणाला?"

मास्टरने बोट दाखवलं नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. मागे गल्ल्यावर नोटा मोजणं थांबल्याचं मला ऐकू आलं. वहिनी माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, हे मला आजही सहन होत नाही. कुणीतरी काहीतरी विचित्र बोलतंय आणि आता भावजी ते नीट उलगडून सांगतील, असा विश्वास होता. माझं कामच होतं ते, एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून देणं.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "मला यांनी कधीच काही सांगितलं नाही. यांना अशी सवय आहे. कुणी गेलं, की आपल्याला आधीच ठाऊक होतं म्हणायची."

मास्टरची नजर माझ्या डोळ्यांवरून तोंडावर आली आणि तिथून हळूहळू खाली, गळ्यावर, छातीच्या हाडापर्यंत. ते वाक्य कुठवर उतरलं ते बघत असल्यासारखी. मग त्याने ती ताटली परत घेतली. डोक्याचं फडकं सोडलं, घडी केली, काउंटरवर ठेवली.

मालकीणबाई उठून आल्या. "काय चाललंय हे? गिऱ्हाइकांच्या मरणाचे हिशेब काउंटरवर? कर्नलबाई यायच्या बंद झाल्या त्या याचमुळे. पुरे झालं. उद्यापासून येऊ नका." मग वहिनींना, "माफ करा हं. फार त्रास झाला तुम्हाला."

बाहेर पडताना वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या, भावजी. एकटा माणूस दिसतोय. डोक्यावर परिणाम झाला असेल." गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून. नाहीतर मी रात्रंदिवस त्याचाच विचार करत बसले असते."

तेव्हापासून दर दिवाळीला वहिनी माझ्याकडे फराळाचा डबा पाठवतात. त्यातली चकली मी दाताखाली धरतो आणि फार वेळ चावतो.

मास्टरला मी पुन्हा पाहिलं ते अलीकडे, सात वर्षांनी. आमच्या ऑफिसात गोंदियाकडची एक मुलगी लागली आहे. ती वारज्यातल्या एका खानावळीचं कौतुक करत होती. "सर, भात असा की नुसता खावा. काका बोलत नाहीत काही, पण एकदा पैसे देताना हात लागला, बर्फासारखा. मी दचकलेच."

मी त्याच गुरुवारी गेलो. मुख्य रस्त्यापासून आत, किराणा दुकानाच्या वर एक लांबट खोली. लोखंडी टेबलं, बाकं. विदर्भातली पोरंपोरी, कारखान्यातली माणसं, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन-तीन जण. वरण, भाजी, पोळ्या एक बाई वाढत होती. भात मास्टर वाढत होता. डोक्याला फडकं नव्हतं. केस पूर्ण गेलेले. हातात भाताचं पातेलं आणि एक स्टीलची वाटी. वाटी भरायची, ताटात उपडी करायची, मूद पाडायची, पुढे. वाटी, मूद, पुढे. मान खाली. कुणाच्या तोंडाकडे बघणं नाही.

माझ्या ताटात मूद पडली तेव्हा मी म्हणालो, "मास्टर."

वाटी थांबली. मान वर झाली नाही. "गिळनारे साहेब," तो म्हणाला.

"माझं माप काय हो आता?"

"वाटी."

"सगळ्यांना?"

"सगळ्याले एकच. कमी लागन तं ताटात ठेवा. जास्त लागन तं मागा." त्याने पुढच्या मुलाच्या ताटात मूद पाडली. मग, आपल्याशीच बोलावं तसं, "आता पाहत नाई मी कोनाचं. पायलं का सांगा लागते."

मी तिथे एक वाक्य बोलायला गेलो होतो. घरून निघताना ते तोंडात तयार होतं. बाकावर दाटी होती, शेजारचा मुलगा लोणचं मागत होता, आणि मास्टर दोन ताटं पुढे गेला होता. वाक्य मी गिळलं. जेवायला लागलो. भात तोच होता, प्रत्येक शीत वेगळं, तरी धरून राहणारं.

चार-पाच घास झाले असतील. मास्टर परतीच्या फेरीत माझ्या मागून आला. थांबला नाही, बोलला नाही, मान खालीच. जाता जाता फक्त माझा पाण्याचा पेला माझ्या हाताजवळ चार बोटं सरकवून गेला.

मी पाणी मागितलेलं नव्हतं.

पेला मी पुन्हा होता तिथे ठेवला. मग उचलला आणि प्यालो. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यातली. तिथे काय निघेल ते निघेल, त्यासाठी हे लिहिलेलं नाही.

मास्टरचं मी एक वाक्य देणं लागतो. 'हो वहिनी, यांनी मला सांगितलं होतं.' ते वहिनींसमोर, मास्टर उभा असताना, मोठ्याने म्हणायचं आहे. आज ते मी लिहिलं. म्हटलेलं अजून नाही.